दोषसिद्धीनंतर शस्त्रपरवाना (भारत)

दोषसिद्धीनंतर शस्त्रपरवाना म्हणजे फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीने अग्निशस्त्र बाळगण्याची परवानगी पुन्हा मिळवणे. भारतात हा विषय मुख्यतः शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या कक्षेत येतो. हिंसेचा किंवा नैतिक अधःपतनाचा अपराध करून कारावास भोगलेल्या व्यक्तीस शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे अग्निशस्त्र अथवा दारूगोळा जवळ बाळगता येत नाही. ही मुदत संपली की कायद्याची बंदी आपोआप उठते. परवाना मात्र आपोआप परत येत नाही. बंदी उठणे आणि परवाना मिळणे यांमधील या अंतरातूनच या विषयातील बहुतेक वाद उद्भवतात.

प्रस्तुत लेखात कायद्याची सर्वसाधारण मांडणी असून, प्रत्यक्ष कार्यपद्धतीसाठी अकोला शहरातील, विशेषतः जुने शहर भागातील, प्रशासकीय व्यवस्थेचा आधार घेतला आहे.

हक्क की परवानगी

अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क मानला जातो. त्यामुळे तेथे शिक्षा झालेल्या नागरिकाचा गमावलेला हक्क परत मिळवण्याविषयी बोलले जाते. भारतीय राज्यघटनेत असा हक्क नाही. उलट अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देतानाच ते शांततेने व विनाशस्त्र असावे, असे म्हटले आहे.

असा हक्क असावा ही मागणी मात्र जुनी आहे. ब्रिटिश सरकारने इ.स. १८७८ मध्ये केलेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली. हा वांशिक भेद राष्ट्रीय चळवळीला दीर्घकाळ सलत राहिला. इ.स. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांविषयीच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकांचा हक्क समाविष्ट होता. वऱ्हाड हा त्या काळी तांत्रिकदृष्ट्या निजामाचा मुलूख असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे अधिसूचनेद्वारे लागू केले जात.

संविधान सभेत मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी हरी विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये हा हक्क घटनेत आणण्यासाठी दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विनाअडथळा विकत घेता येऊ लागले, तर राज्याला कारभार चालवणे अशक्य होईल, आणि आग्रह धरायचाच असेल तर तो शस्त्र धारण करण्याच्या हक्काऐवजी कर्तव्याचा धरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या इ.स. १९९३ च्या एका निर्णयात शस्त्र बाळगण्याचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले गेले. परंतु त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो विचार अमान्य केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेशी तुलना करून भारतात असा घटनात्मक हक्क नसल्याचे नमूद केले.

याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. शिक्षा भोगून आलेला अर्जदार ‘माझा हक्क परत द्या’ असे म्हणू शकत नाही. ‘माझा अर्ज कायद्याने ठरवलेल्या निकषांवर तपासा आणि नाकारायचा असेल तर कारण द्या’ एवढेच तो मागू शकतो. ही मागणी दिसते तितकी दुबळी नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

बंदी कोणावर

शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ मध्ये अग्निशस्त्र बाळगण्यास अपात्र व्यक्तींची यादी आहे. एकवीस वर्षांखालील व्यक्ती तीत आहेत. शिक्षा झालेल्यांविषयीची तरतूद त्यानंतर येते. तिचे तीन घटक आहेत आणि ते तिन्ही एकत्र असल्याखेरीज बंदी लागू होत नाही.

पहिला घटक अपराधाच्या स्वरूपाचा. तो हिंसेचा किंवा नैतिक अधःपतनाचा असावा लागतो. भारतीय कायद्यात अमेरिकी पद्धतीचे गंभीर व किरकोळ गुन्ह्यांचे वर्गीकरण नाही. त्यामुळे गुन्ह्याला किती शिक्षा होऊ शकते यावर येथे काही ठरत नाही. मारहाण, दुखापत, खुनाचा प्रयत्न हे उघडच हिंसेचे अपराध. दंग्याच्या व्याख्येतच बळाचा किंवा हिंसेचा वापर येतो, म्हणून दंग्यातील दोषसिद्धीही यात मोडते. नैतिक अधःपतनाची व्याख्या अधिनियमात नाही. मुळातच हीन, नीच किंवा समाजाच्या नैतिक जाणिवेला धक्का देणारे वर्तन अशा अर्थाने न्यायालये हा शब्द घेतात. फसवणूक व अपहार साधारणपणे त्यात धरले जातात. विनापरवाना तलवार सापडणे, म्हणजे पोलिसांच्या बोलीत ‘चार-पंचवीस’ची केस, हा हिंसेचा अपराध आहे का, हे मात्र प्रकरणाच्या तपशिलावर अवलंबून राहते.

दुसरा घटक कारावासाचा. शिक्षा कितीही थोड्या मुदतीची असली तरी ती कारावासाची असावी लागते. केवळ दंड झाला असेल तर कलम ९ ची बंदी येत नाही. दंड भरून सुटलेले अनेक जण स्वतःला कायमचे अपात्र समजून अर्जच करत नाहीत, तर काही जण दंडच झाला म्हणून ती गोष्ट अर्जात लिहीत नाहीत. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी अधिक महागात पडणारी आहे.

तिसरा घटक काळाचा. बंदी शिक्षा संपल्यानंतरच्या पाच वर्षांपुरती असते. गणना निकालाच्या तारखेपासून नव्हे, तर शिक्षा पूर्ण झाल्यापासून होते. समजा, एखाद्यास एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती १० मार्च २०२० रोजी पुरी झाली, तर बंदी मार्च २०२५ पर्यंत राहील. अपील दाखल करून शिक्षेला स्थगिती मिळवलेला व जामिनावर असलेला इसम शिक्षा भोगतच नसल्याने त्याची पाच वर्षे सुरूही झालेली नसतात. अपील दहा वर्षे पडून राहिले आणि शेवटी फेटाळले गेले, तर उरलेली शिक्षा भोगल्यावर पाच वर्षांची मोजणी सुरू होते.

बंदीच्या काळात शस्त्र बाळगणे हा कलम २५ खाली स्वतंत्र अपराध आहे. अशा व्यक्तीस जाणूनबुजून शस्त्र विकणारा किंवा दुरुस्त करून देणाराही दोषी ठरतो.

चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र

कलम ९ मधील आणखी एका उपखंडाची झळ दोषसिद्धी न झालेल्यांनाही लागते. शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र देण्याचा आदेश झालेली व्यक्ती त्या बंधपत्राच्या मुदतीत अग्निशस्त्र बाळगू शकत नाही. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणाखाली, प्रामुख्याने कलम १०७ व ११० अन्वये होत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे १२६ व १२९ त्यांच्या जागी आली आहेत. पहिल्या प्रकारच्या बंधपत्राची कमाल मुदत एक वर्ष, तर दुसऱ्याची तीन वर्षे असते.

अकोल्याच्या जुन्या शहरात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे. मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावरील या वस्तीत असदगड किल्ला आणि राजराजेश्वर मंदिर आहे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी घेऊन येणारी कावडयात्रा येथेच पोचते. मे २०२३ मध्ये या भागात दोन गटांत उसळलेल्या दंगलीत एकाचा मृत्यू झाला व शहरात निर्बंध लागू करावे लागले. अशा शहरात सणासुदीपूर्वी प्रतिबंधक कारवाया होणे नित्याचे असते. केवळ कारणे दाखवा नोटीस मिळाली म्हणून कलम ९ ची बंदी लागू होत नाही. बंधपत्र देण्याचा आदेश व्हावा लागतो. बंधपत्राची मुदत संपताच ही बंदीही संपते, तिला पाच वर्षांची शेपटी नसते.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालील तडीपारी, जी कमाल दोन वर्षांची असते, कलम ९ च्या यादीत नाही. परंतु परवाना नाकारताना किंवा रद्द करताना ती ‘अयोग्य व्यक्ती’ ठरवण्यासाठी आधार म्हणून पुढे येते.

वन्यजीव गुन्ह्यांची वेगळी मोजणी

अकोला जिल्ह्यात काटेपूर्णा व नरनाळा ही अभयारण्ये आहेत आणि उत्तरेला मेळघाट लागतो. रोही, रानडुक्कर व हरणांच्या कळपांनी पीक फस्त होणे ही येथील शेतकऱ्याची जुनी तक्रार. शस्त्र अधिनियमाचे कलम १३ खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद करते. पण पिकावरचे जनावर घालवणे वेगळे आणि शिकार वेगळी. अभयारण्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकाने आपल्या शस्त्राची नोंद करण्याची तरतूद वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ मध्ये आहे.

याच अधिनियमाच्या कलम ५१ नुसार दोषी ठरवणारे न्यायालय, ज्या शस्त्राने अपराध घडला त्याचा परवाना रद्द करण्याचा आणि दोषी व्यक्ती पाच वर्षे नव्या परवान्यास पात्र नसल्याचा आदेश देऊ शकते. येथे पाच वर्षे दोषसिद्धीच्या तारखेपासून मोजतात. तसेच अभयारण्यातील किंवा राष्ट्रीय उद्यानातील शिकारीच्या अपराधात, आरोपी अठरा वर्षांखालील नसल्यास, परिवीक्षेचा लाभही मिळत नाही.

बंदी लवकर दूर होण्याचे मार्ग

पाच वर्षे वाट पाहणे हा सर्वसामान्य मार्ग. त्याआधी बंदी दूर व्हायची तर मूळ दोषसिद्धीलाच हात घालावा लागतो.

अपिलात निर्दोष मुक्तता झाली तर दोषसिद्धीच उरत नाही व बंदीही राहत नाही. अपील प्रलंबित असताना मिळणारी स्थगिती दोन प्रकारची असते. बहुतेकांना मिळते ती शिक्षेच्या अंमलबजावणीला, आणि तिने दोषसिद्धी झाकली जात नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती देण्याचा अधिकार अपील न्यायालयाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने रमा नारंग प्रकरणात (१९९५) मान्य केले. मात्र तो अपवादात्मक परिस्थितीत वापरावयाचा असून, स्थगिती न दिल्यास होणारे परिणाम अर्जदाराने न्यायालयापुढे नेमकेपणाने मांडावे लागतात.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली सुटका झालेल्यांची स्थिती अधिक अनुकूल आहे. त्यांना कारावासाची शिक्षा सुनावली जात नाही आणि त्या अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीशी निगडित अपात्रता दूर करते. अल्पवयात घडलेल्या अपराधाबाबत बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम २४ असेच संरक्षण देते. सोळा वर्षांवरील ज्या बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, त्यास ते लागू नाही.

राष्ट्रपती व राज्यपाल यांना अनुच्छेद ७२ व १६१ अन्वये क्षमादानाचा अधिकार आहे. पूर्ण क्षमा आणि शिक्षेतील सूट यांत फरक करावा लागतो. सूट मिळाल्याने न्यायालयाने दिलेला निकाल बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इ.स. १९६१ मध्ये एका निवडणूकविषयक प्रकरणात स्पष्ट केले आहे.

जुन्या परवान्याचे काय होते

परवाना कोणी रद्द केला यावर त्याचे भवितव्य अवलंबून असते. शस्त्र अधिनियमाखालील अपराधात दोषी ठरवताना न्यायालयानेच कलम १७(७) अन्वये परवाना रद्द केला असेल आणि पुढे दोषसिद्धी रद्दबातल झाली, तर परवाना रद्द करण्याचा आदेशही कायद्यानेच शून्य होतो. शस्त्र जप्त करून सरकारजमा करण्याच्या कलम ३२ खालील आदेशाचेही तसेच.

परंतु परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कलम १७(३) खाली रद्द केला असेल तर निर्दोष सुटकेने तो जिवंत होत नाही. त्या आदेशाविरुद्ध अपील करावे लागते किंवा नव्याने अर्ज करावा लागतो. सुटकेचा निकाल हाती घेऊन थेट पोलीस ठाण्यात बंदूक मागायला जाणाऱ्यांची येथे निराशा होते. ठाणेदाराला ती परत देण्याचा अधिकार नसतो.

दरम्यान शस्त्र कोठे असते, हाही महत्त्वाचा प्रश्न. परवाना संपला, निलंबित झाला वा रद्द झाला की कलम २१ नुसार शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा करणाऱ्याची मालकी लगेच संपत नाही. विहित मुदतीत तो पुन्हा पात्र झाला तर शस्त्र परत घेऊ शकतो, अथवा पात्र व्यक्तीस ते विकून रक्कम घेऊ शकतो. मुदत उलटल्यास जिल्हादंडाधिकारी नोटीस देऊन ते सरकारजमा करू शकतात; परवाना केवळ निलंबित असेल तर निलंबनाच्या काळात तसे करता येत नाही. पाच वर्षांच्या बंदीपुढे शस्त्र ठाण्याच्या कोठडीत टिकवून धरणे कठीण असल्याने, घराण्यातील बंदूक पात्र नातेवाइकाच्या परवान्यावर हस्तांतरित करणे हा अनेकदा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो. वाड्यांतून भिंतीवर टांगलेल्या, दुरुस्तीनेही चालू शकणार नाहीत अशा पुराण्या बंदुका कलम ४५ मुळे अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहतात.

गुन्ह्यातील पुरावा म्हणून जप्त झालेले शस्त्र ही वेगळी बाब आहे. तो मुद्देमाल असतो आणि त्याचा ताबा न्यायालयाच्या आदेशानेच मिळतो.

अर्ज व चौकशी

अकोल्यात पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे परवाना प्राधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी असतात. शेजारच्या अमरावती शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. जुन्या शहरातील अर्जदाराचा अर्ज मोर्णेपलीकडील जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होतो आणि चौकशीसाठी पोलीस अधीक्षकांमार्फत पुन्हा नदी ओलांडून त्याच्याच ठाण्यात येतो.

अर्जाच्या नमुन्यात पूर्वी दोषसिद्धी झाली आहे काय, झाली असल्यास अपराध, शिक्षा व तारीख कोणती, तसेच बंधपत्राचा आदेश झाला होता काय, असे थेट प्रश्न असतात. पाच वर्षे उलटली असली तरी उत्तर खरेच द्यावे लागते. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७(३) खाली रद्द होतो. जी दोषसिद्धी उघड केली असती तर कदाचित अडसर ठरली नसती, तीच लपवल्याने स्वतंत्र कारण बनते. अर्जासोबत निकालपत्राची प्रमाणित प्रत आणि शिक्षा पूर्ण झाल्याचा कारागृहाचा दाखला जोडल्यास पाच वर्षांची गणना वादातीत होते.

कलम १४ नुसार अर्ज नाकारण्याची कारणे मर्यादित आहेत: अर्जदार कायद्याने अपात्र असणे, मनोविकल असणे, अन्य कारणाने अयोग्य असणे, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षितता यांसाठी नकार आवश्यक असणे. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही. पाच वर्षे लोटल्यानंतर पहिले कारण उरत नाही. मग जुन्या दोषसिद्धीचा विचार ‘अयोग्य’ या शब्दाखाली होतो. येथे प्राधिकाऱ्यास विवेकाधिकार आहे, पण कायद्याने पाच वर्षांनी उठवलेली बंदी केवळ त्याच कारणावर अमर्याद काळ चालू ठेवणे त्या विवेकात बसते का, हा प्रश्न रास्त आहे. नुसता खटला प्रलंबित असणे परवाना रद्द करण्यास पुरेसे नाही, अशी भूमिका अलाहाबाद उच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत घेतली आहे.

आदेशाची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक असून, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर मागणी केल्यावर ती अर्जदारास द्यावी लागतात. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ एवढ्याच शेऱ्यावर निघालेला आदेश अपिलात टिकवणे अवघड जाते. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली तीस दिवसांत अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते. न्यायालय सहसा स्वतः परवाना देत नाही, तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवते.

इतर देश

ब्रिटनमध्ये इ.स. १९६८ च्या कायद्यानुसार तीन महिने ते तीन वर्षांखालील शिक्षेला पाच वर्षांची, तर तीन वर्षे वा अधिक शिक्षेला आजीवन बंदी आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात एक वर्षाहून अधिक शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यातील दोषसिद्धीने बंदी येते व तिला मुदत नसते. ती उठवण्यासाठी अर्जाची सोय कायद्यात असली, तरी इ.स. १९९२ पासून त्या कामासाठी निधीच नाकारला गेल्याने ती कागदावर राहिली, इ.स. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू करण्याच्या हालचाली झाल्या. भारताची पाच वर्षांची सरसकट मर्यादा या दोहोंपेक्षा सौम्य दिसते. खरा कस परवाना प्राधिकाऱ्याच्या दारात लागतो.

परवाना मिळाल्यानंतर

इ.स. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली. जुन्या परवान्यावर तीन शस्त्रे असलेल्यास नव्या परवान्यावर तेवढी मिळणार नाहीत.

निवडणुकांच्या काळात शस्त्रे जमा करून घेण्यासाठी जिल्हास्तरावर छाननी समिती असते. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांची शस्त्रे सरसकट जमा करण्याऐवजी प्रत्येक परवानाधारकाचा विचार करण्याची पद्धत घालून दिली व निवडणूक आयोगाने इ.स. २००९ मध्ये ती स्वीकारली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पूर्वपीठिका असलेले आणि पूर्वी दंगलीत सहभागी असलेले, असे तीन वर्ग त्यात विशेष लक्ष देण्यासाठी सांगितले आहेत. त्यामुळे पुन्हा परवाना मिळालेल्या व्यक्तीचे नाव प्रत्येक निवडणुकीत या छाननीत येणे स्वाभाविक असते.

उपजीविकेचा प्रश्न याहून बिकट आहे. स्वतःच्या बारा बोअर बंदुकीवर बँकेत किंवा सराफी पेढीवर पहारेकऱ्याचे काम करणाऱ्यास, त्यांत अनेक माजी सैनिक असतात, परवाना हेच भाकरीचे साधन असते. खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार मात्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीस खाजगी सुरक्षारक्षक म्हणून नेमता येत नाही, आणि या तरतुदीत पाच वर्षांची मर्यादा नाही. अशा माणसाला बंदूक परत मिळू शकते. तिच्यावर चालणारी सुरक्षा एजन्सीतील नोकरी मिळत नाही.